हिरवा धागा, दोन गाठी

सकाळचं विमान उडालं, हॉल रिकामा झाला, आणि माईंनी सामानघराचं अर्धं दार ओढून घेतलं. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी खिशातून दोन धागे काढले. एक हिरवा होता, एक निळा. कोणता कुठला, ते मात्र त्यांना सांगता येत नव्हतं.

त्यांनी धागे उजेडात धरले, मग हात लांब करून धरले, मग अगदी नाकाला लावले. दोन्ही सारखेच मळकट, राखेत लोळून आल्यासारखे.

"मेली ही ट्यूब," माई म्हणाल्या.

पण दुपारचे बारा वाजले होते आणि ट्यूब बंद होती. गेल्या सहा महिन्यांत त्यांनी थोरल्या लेकाला दोनदा ती ट्यूब बदलायला लावली होती. तिसऱ्यांदा सांगायची सोय उरली नव्हती.

तीन वाजता नव्या इमारतीचं काम बघणाऱ्या बाई येणार होत्या. विमानतळाची ही जुनी बैठी इमारत पाडून पुढच्या वर्षी नवी उभी राहणार, आणि पाडापाडीची सुरुवात पश्चिमेच्या भिंतीपासून, म्हणजे सामानघरापासूनच होणार, हे ठरून गेलं होतं. नव्या इमारतीत सामानघराला जागा होती. ती कोणाला द्यायची, हे बाई आज बघणार होत्या. बघणार म्हणजे परीक्षाच. बारा बॅगा मांडायच्या, धागे बांधायचे, आणि बाई मागतील ती बॅग माईंनी तिथल्या तिथे काढून द्यायची.

असल्या बारा बॅगा माई झोपेत काढून देत असत. सकाळच्या विमानाने लोक उतरत, बॅग इथे टाकत, गावातली कामं उरकत आणि संध्याकाळच्या विमानाने परत जात. बॅग ठेवली की माई धागा घेत, त्याला गाठी मारत, मधोमध तोडत. अर्धा बॅगेला, अर्धा माणसाच्या हातात. गाठी म्हणजे कितवी फळी. रंग म्हणजे कधी न्यायची. हिरवा संध्याकाळी, निळा दुसऱ्या दिवशी, लाल म्हणजे फुटणारं सामान, पांढरा म्हणजे तासाभरात येतो म्हणालेला, जो कधीच तासाभरात येत नाही. हे सगळं माईंनीच काढलेलं. त्यांचे यजमान होते तेव्हा आकडे लिहीत. ते गेले आणि आकड्यांशी माईंचं कधी सूत जमलं नाही, म्हणून धागे आले. सव्वीस वर्षांत एक बॅग चुकली नव्हती.

गेल्या मंगळवारी चुकली.

हिरव्याच्या जागी निळ्याची बॅग गेली. दोन्ही काळ्या, दोन्ही दुसऱ्या फळीवर. एक म्हातारे गृहस्थ मोठ्या शहरात ऑपरेशनला गेले, दवाखान्यात पोचून बॅग उघडली, तर तपासण्यांच्या कागदांऐवजी आतून फुटबॉलचे बूट आणि ओला टॉवेल निघाला. ऑपरेशन चार दिवस पुढे गेलं. पुढचं सगळं धाकट्या सुनेने निस्तरलं, कारण ती विमान कंपनीच्या काउंटरवर बसते. बूट खेळाडूला मिळाले, कागद म्हाताऱ्याला मिळाले. बॅग कोणाच्या हातून चुकली, हे मात्र अजून कोणी विचारलं नव्हतं. आणि न विचारलेलं सांगत सुटायला माई काही रेडिओ नव्हत्या.

पण गेले सहा दिवस जेवण त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"माई," बाहेरून थोरल्या सुनेचा आवाज आला, "सगळे बसलेत. नकाशा उघडलाय."

"आले. नकाशा काय पळून जातोय?"

हॉलमध्ये साठ खुर्च्या आणि माणसं चार. दोन विमानांच्या मधल्या वेळात घरातली सगळी भांडणं इथेच होत. घरी शेजाऱ्यांना ऐकू जातं, इथे ऐकायला फक्त दारावरचा पहारेकरी, आणि त्याला या घरातलं आधीच सगळं ठाऊक. धाकट्याने तीन खुर्च्यांवर मिळून भला मोठा कागद पसरला होता. तो प्रकल्पाच्या ऑफिसात नकाशे काढतो. चार कोपऱ्यांवर त्याने त्याचा फोन, बायकोचा फोन, किल्ल्यांचा जुडगा आणि थोरल्याचा जेवणाचा डबा ठेवला होता.

"ये, आई. हा बघ पुढचा भाग. इथून तिथपर्यंत सगळी काच."

"काच? आत मासे सोडणार आहेत का?"

"उजेड येतो गं."

"उजेड आत्ताही येतो. दार उघडलं की येतो."

थोरला फसकन हसला. तो बॅगा चढवायचं-उतरवायचं काम करतो, पाठीने दणकट आणि जिभेने आळशी. घरात कोणाची बाजू घ्यायची वेळ आली की त्याला हटकून चहाची आठवण होते.

"तिकिटाचे काउंटर दोनाचे सहा होणार," धाकटा बोटाने दाखवत सुटला. "सामानाचे पट्टे एकाचे दोन. चाकाच्या खुर्चीला उतार. तान्ह्या मुलांना घेऊन बसायला वेगळी खोली. वर जायला सरकता जिना. आणि पावसात विमानापर्यंत भिजत जायला नको, वरून छप्पर."

"इतकी वर्षं भिजून कोणी विरघळलं नाही. मी कुठे आहे ते दाखव."

"ही बघ. दुसऱ्या पट्ट्याच्या शेजारी. उतरलेला प्रत्येक माणूस आपल्या दारावरून जाणार. मुद्दाम काढून घेतलीय जागा."

माई वाकल्या. त्यांना पांढरा कागद दिसला आणि त्यावर कोणीतरी केस विंचरून टाकल्यासारख्या रेघा दिसल्या. सगळे आपल्याकडे बघताहेत हे मात्र चांगलंच जाणवलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"दार चुकीच्या अंगाला काढलंयस," त्या ठसक्यात म्हणाल्या.

धाकट्याने वाकून नकाशा बघितला.

"आई," धाकटा हळूच म्हणाला, "तो खांब आहे."

"मग खांब चुकीच्या अंगाला काढलायस."

थोरली खोकली. तिला हा खोकला हिवाळ्यापासून लागला होता. माई तिला रोज म्हणत, अगं डॉक्टरला दाखव, नाहीतर प्रवासी समजतील की इथे बॅगेबरोबर आजारही देतात. या दोघींचं वीस वर्षांत एका वाक्यावर एकमत झालं नव्हतं. पण काउंटरवर दोघी उभ्या राहिल्या की चार हातांची एकच बाई असावी तसं काम चाले.

"मी एक बोलू का?" धाकटी म्हणाली. कंपनीचा गणवेश, गळ्यात रुमालाची गाठ, आणि प्रवाशांशी बोलतानाचा आवाज, जो ती घरच्यांसमोरही उतरवत नसे. "परीक्षा, धागे, गाठी, हे सगळं कशाला? कुलपाचे खण बसवा. प्रवासी स्वतः ठेवतो, स्वतः काढतो. चूक झालीच तर त्याची."

"आणि माणूस?"

"माणूस लागतच नाही, माई."

"मग तुझ्या काउंटरवरही यंत्र बसव. ते निदान खरं हसेल."

"तसं वाईट नाही ते," थोरला खाली बघत म्हणाला. "कुलपाचे खण. पाठ तरी वाचेल."

माईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने डबा उचलला. नकाशाचा कोपरा सुर्रकन गुंडाळला गेला.

"डबा ठेव," थोरली म्हणाली. मग धाकटीकडे वळून, "खण बसले की तुम्ही दोघं बसून त्यांच्या किल्ल्या सांभाळणार. मी आणि ह्यांनी कुठे जायचं?"

"वहिनी, मी तुमच्या पोटावर पाय देत नाहीये."

"नाही, तुम्ही नुसती खुर्ची सरकवताय."

"बरं, मग हे वाचा." धाकटीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. तिचा प्रवाशांचा आवाज गेला आणि खरा आवाज आला, थोडा कापरा. "सहा दिवस मी हे दाबून ठेवलंय. त्या म्हाताऱ्यांच्या मुलाची तक्रार. त्याने एक प्रत प्रकल्पाच्या ऑफिसातही पाठवलीय. बॅग देणाऱ्या व्यक्तीचं नाव कळवा, असं लिहिलंय. मंगळवारी संध्याकाळी सामानघराच्या काउंटरवर कोण होतं?"

मंगळवारी संध्याकाळी त्या आणि थोरली, दोघी होत्या. थोरली पाण्याची कळशी भरायला नळावर गेली होती. तेवढ्यात म्हातारे गृहस्थ आले, घाईत होते, हातात धागा. माईंनी गाठी मोजल्या. दोन. रंग बघितला. आणि त्यांना वाटलं, हाच.

त्यांनी तोंड उघडलं. आता बोलायचं, झालं गेलं सांगून टाकायचं. पण समोर दोन लेक, दोन सुना, दारात पहारेकरी, आणि तीन वाजता परीक्षा. ज्या बाईला रंग दिसत नाही, तिला रंगांच्या परीक्षेला कोण बसू देईल? सव्वीस वर्षं एका शब्दात पुसली जाणार. त्यांनी तोंड मिटलं.

"माझ्या हातून गेली," थोरली म्हणाली.

"तुझ्या?" थोरला उडालाच. "तू दिलीस? आणि मला सांगितलं नाहीस?"

"आता सांगतेय ना."

"आता सांगून काय उपयोग! सव्वीस वर्षांत आईच्या हातून एक बॅग चुकली नाही, आणि तू..."

"ओरडू नका. हॉलला छत आहे, पडेल."

माई गप्प होत्या. घरातल्या कोणत्याही भांडणात त्या गप्प राहिल्या असतील, असं इथल्या खुर्च्यांनाही आठवत नसेल. धाकटा आईकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटका स्पष्ट दिसत होती. आईची चूक नाही. त्याने नकाशा गुंडाळला.

"मी जरा ऑफिसात जाऊन येतो," तो म्हणाला.

माई उठल्या आणि सामानघराच्या मागच्या फळ्यांआड गेल्या. थोरली कळशी उचलायच्या निमित्ताने मागोमाग आली. दोघींच्या मध्ये कोणाचा तरी गिटारचा डबा उभा होता.

"खोटं का बोललीस?"

"तुम्ही खरं बोलत नव्हतात म्हणून."

"जास्त शहाणपणा नको. मला काय झालंय बोलायला? मी सांगणारच होते."

"कधी? म्हाताऱ्याचं ऑपरेशन होऊन टाके निघाल्यावर?"

माईंनी कमरेवर हात ठेवले. एरवी एवढ्यावर समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकत असे. थोरली हलली नाही.

"माई, तुम्हाला हिरवा आणि निळा वेगळा दिसत नाही. हिवाळ्यापासून दिसत नाही. मला माहीत आहे."

"ट्यूबच तशी..."

"ट्यूब नवी आहे. मी खोकते ती काय हौस म्हणून? एकदा खोकले की हिरवा, दोनदा खोकले की निळा. सहा महिने खोकतेय. घसा सोलून निघाला माझा. मंगळवारी नळावर होते म्हणून राहिलं."

माई खाली बसल्या, एका चाकांच्या बॅगेवर. बॅग थोडी सरकली. सहा महिने. सहा महिने त्या या बाईला आजारी म्हणून हिणवत होत्या, आणि तिच्या खोकल्यावर त्यांचे हात बरोबर बॅगेकडे जात होते, आणि त्यांना वाटत होतं की आपली नजर अजून शाबूत आहे. उपकार झाल्याचं त्यांना वाटलं नाही. भर बाजारात कोणी धरून चालवावं तशी लाज वाटली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?"

माईंनी सरकलेली बॅग पायाने अडवली.

"आणि फार मोठं मन समजू नका माझं," थोरली गिटारच्या डब्याकडे बघत म्हणाली. "सामानघर तुमच्या नावावर आहे तोवर आम्ही इथे आहोत. तुम्ही बाजूला झालात की खण आले, धाकटे भाऊजी आले, आणि आम्ही दोघं घरी. मी चुकले म्हटलं तर काय होईल? चार शब्द ऐकावे लागतील. ते तसेही रोज ऐकतेच. परीक्षेला तुम्ही पुढे उभ्या राहा, मी मागे उभी राहते. खोकते. निघून जाईल वेळ."

माई काही बोलल्या नाहीत. याचा अर्थ हो, हे थोरलीला वीस वर्षांत कळलं होतं.

बाई तीनला पाच मिनिटं असतानाच आल्या. आखूड केस, पायात धावायचे बूट, हातात वही आणि सामानघराचा अर्ज. बरोबर धाकटा होता. आल्या आल्या बाईंनी छताकडे, भिंतींकडे, फळ्यांकडे नजर फिरवली, आणि माईंना वाटलं, ही बाई पाडायच्या वस्तू मोजतेय.

"नमस्कार, आजी."

"आजी घरी नातवंडांची. इथे सगळे माई म्हणतात."

"बरं, माई." बाई हसल्या, तर माईंना त्याचाही राग आला, कारण हसणं चांगलं होतं. "सुरू करण्याआधी एक गोष्ट. ती मंगळवारची तक्रार. मला आत्ताच कळलं की बॅग तुमच्या सुनेने दिली."

माईंनी धाकट्याकडे पाहिलं.

"मीच सांगितलं, आई," तो पुढे होऊन म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते, शाळेतून बक्षीस आणलेल्या मुलासारखे. "लेखी दिलं. तुझं नाव आता साफ आहे. सामानघराला काही धक्का नाही."

"हो, सामानघराला नाही," बाई वहीत बघत म्हणाल्या. "पण नव्या इमारतीत नियम कडक आहेत. ज्या व्यक्तीमुळे प्रवाशाचं नुकसान झालं, तिला आत यायचा पास मिळणार नाही. तुमच्या सूनबाईंना थांबावं लागेल. मला वाईट वाटतं, पण माझ्या हातात नाही."

पास. गळ्यात अडकवायचा एवढासा तुकडा. त्याच्याशिवाय त्या काचेच्या दाराच्या आत पाऊल टाकता येणार नव्हतं, मग सामानघर कोणाच्याही नावावर असो. थोरलीच्या हिशेबात चार शब्द होते. हे नव्हतं.

तिचा चेहरा पडला नाही. तिने फक्त काउंटरची कड धरली. इतकी घट्ट की नखं पांढरी झाली.

"थांबायचं म्हणजे किती?" थोरला पुढे आला. मघाशी बायकोवर ओरडलेला तोच. "बाई, वीस वर्षं उभी आहे ती इथे. मला कमी करा. बॅगा उचलायला कोणीही मिळेल. तिच्यासारखी नाही मिळणार."

"तुम्ही गप्प बसा," थोरली म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"आपण परीक्षा तर घेऊ," बाई म्हणाल्या.

बारा बॅगा फळ्यांवर होत्या. धाग्यांचे तुटके अर्धे बाईंच्या हातात. माई काउंटरवर उभ्या राहिल्या. थोरली त्यांच्या मागे, दोन पावलांवर, नेहमीच्या जागी. तिला आता खोकायचं काय कारण होतं? काहीच नाही. हे माईंच्या मनात आलं. मी हिच्या जागी असते तर तोंड शिवून उभी राहिले असते. म्हटलं असतं, पड एकदा तोंडावर.

पहिला धागा पांढरा. मिळाली. दुसरा लाल, तीन गाठी. मिळाली. पांढरा, लाल, पुन्हा पांढरा. धाकटीनेही काउंटरवर कोपरं टेकली होती आणि नकळत ओठ हलवून ती मोजत होती.

सहावा धागा बाईंनी पुढे केला. माईंनी बोटांनी चाचपला. एक गाठ, दोन गाठी. रंग राखेचा. मागे दुसऱ्या फळीवर दोन काळ्या बॅगा शेजारी शेजारी. बाईंनी मुद्दाम तशाच आणल्या असणार, तक्रार वाचूनच.

हॉलमध्ये पंख्याचा आवाज. माई धागा धरून उभ्या. निम्मं नशीब. डावी किंवा उजवी.

मागे थोरली खोकली. एकदाच.

हिरवा. डावी बॅग. हात उचलायचा, बॅग काढायची, झालं. बाईंनी वहीत खूण केली असती. नव्या इमारतीत पट्ट्याशेजारी माई बसल्या असत्या, आणि मागे दोन पावलांवर कोणीच नसतं. पास गेला तरी ही बाई खोकली. माईंना तिचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं, आणि होतं नव्हतं तेही दिसेनासं झालं.

"बाई," त्या म्हणाल्या, "ही माझी सून खोकली ना आत्ता, तिला खोकला नाही."

"माई," थोरली पुटपुटली.

"तू थांब. सहा महिने बोललीस, आता मी बोलते." त्यांनी धागा काउंटरवर ठेवला. "हा हिरवा आहे की निळा, मला कळत नाही. ही खोकून सांगते. मंगळवारी ही पाण्याला गेली होती आणि मला कळलं नाही. बॅग मी दिली. म्हाताऱ्या माणसाचे चार दिवस मी घालवले. हिने नाही."

"आई!" धाकटा ओरडला. "मी लेखी दिलंय!"

"मग दुसरं लेखी दे. तुला लिहिता येतं, मला येत नाही. एवढ्यासाठीच शिकवलं तुला."

माईंनी गळ्यातला पास काढला. दोरी अंबाड्यात अडकली. थोरलीचा हात सोडवायला पुढे आला, तो त्यांनी झटकला, मग दोरी सुटेना म्हणून परत पुढे येऊ दिला. पास काउंटरवर टेकला तेव्हा काही आवाजही झाला नाही.

"लगेच काढायची गरज नाही, माई," बाई म्हणाल्या. त्यांनी वही मिटली होती.

"तुम्हाला नसेल. मी इथे उभी राहिले तर माझे हात आपोआप फळीकडे जातात. अर्जावर हिचं नाव लिहा."

"मला विचारलंत का?" थोरली एकदम उसळली. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं तिच्या आवाजात आलं. "सगळ्यांसमोर आपलं आपण ठरवून मोकळ्या! मला विचारलंत?"

"वीस वर्षांत कधी विचारलंय?"

थोरलीने पदर तोंडावर धरला. मग ती रडली की हसली, ते माईंना नीट दिसलं नाही, आणि त्यांनी ते शोधायचा प्रयत्नही केला नाही.

"माझं अक्षर चांगलं आहे," धाकटी म्हणाली. तिने पर्समधून पेन काढलं आणि बाईंच्या हातातला अर्ज आपल्याकडे ओढला. "पूर्ण नाव सांगा, वहिनी." धाकटा बायकोकडे बघत राहिला. "बघताय काय? खणांचं नंतर बोलू. आधी ऑफिसात जा आणि ते दिलेलं परत घ्या."

बाईंनी कोणालाच काही वचन दिलं नाही. तक्रार तक्रारच राहील, म्हणाल्या. निर्णय समितीचा. धाग्याबरोबर आकड्याची चिठ्ठीही लावावी लागेल, ते मात्र नक्की. पण चुकीचं नाव खोडलं की पास अडवायला कारण नाही. "आणि माई, मोतीबिंदू असेल तर त्याचं ऑपरेशन साधं असतं. माझ्या आईचं झालंय."

"झालं असेल," माई म्हणाल्या. "त्यांना माझ्यासारखी तिखट जीभही असेल का? तिचं काही करता येत नाही म्हणतात."

उरलेल्या सात बॅगा थोरलीने काढून दिल्या. एकदा अडखळली, बाकी भराभर. माईंनी त्या बघितल्या नाहीत. पास नसलेल्या माणसाला आत थांबता येत नाही, हे सांगायची पहारेकऱ्याची हिंमत होत नव्हती. तो नुसता दारात उभा राहून बूट न्याहाळत होता.

"येते रे बाहेर," माई त्याला म्हणाल्या. "तुझी नोकरी घालवायची नाहीये मला."

"बसा की, माई. कोण बघतंय?"

"मी बघतेय. जेवढं दिसतं तेवढं."

बाहेर कठड्यापाशी, जिथे सोडायला आलेले लोक उभे राहतात, तिथे एक बाक होता. सव्वीस वर्षांत माई त्यावर कधी बसल्या नव्हत्या. बसल्यावर कळलं की तो एका बाजूला कलतो. समोर रस्ता, गाड्या, आणि पलीकडे नव्या इमारतीची मोजणी करणाऱ्या दोन-तीन माणसांचे ठिपके. आतून थोरल्याचा आवाज येत होता, बॅगा परत लावताना चाललेली त्याची कुरकुर. थोरलीचा आवाज येत नव्हता. ती बाहेर येईल का, आणि आली तर काय बोलेल, याची माई वाट बघत होत्या. आणि वाट बघतोय हे कोणाला कळू नये म्हणून रस्त्याकडे तोंड करून बसल्या होत्या.

थोरली आली नाही. साडेचार होत आले होते, लोक यायला लागले होते, काउंटर सोडून ती कशी येणार? माईंनीच तिला तसं शिकवलं होतं.

एक माणूस घाईघाईने त्यांच्यापाशी थांबला. हातात तिकीट, खांद्यावर लहानशी बॅग, ती त्याने छातीशी धरली होती.

"बाई, संध्याकाळचं विमान दोन तास उशिरा आहे म्हणे. इथे सामान सांभाळतं का कोणी? गावात जाऊन येतो तोवर."

"आत जा. तिकीट दाखवा, डाव्या हाताला वळा. माझी सून आहे."

तो माणूस निघाला, दोन पावलं जाऊन परत आला.

"रागावू नका, पण बॅग फार महत्त्वाची आहे. यात आमच्या आईच्या तपासण्यांचे कागद आहेत. विश्वासाची आहे ना ती?"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. चेहरा धूसर होता, बॅगेचा रंगही नक्की कळत नव्हता. पण त्याची काळजी त्यांना स्वच्छ दिसली.

"माझ्यापेक्षा जास्त," त्या म्हणाल्या, आणि त्याचं कोपर धरून, जिथपर्यंत जाता येत होतं तिथपर्यंत, दारापर्यंत त्याला सोडून आल्या.